शब्दचर्चा : भेटच झाली नाही, मग विरह कसा?

नौपाडा, ठाणे :
दर रविवारी तलावपाळीजवळ एकीच्या घरी आम्ही चार-पाच जणी जुनी काव्यं वाचायला बसतो. सध्या रघुनाथ पंडितांचं नलदमयंतीचं आख्यान चाललंय. हंस नळाचं वर्णन करून जातो आणि दमयंती झुरायला लागते. मी म्हटलं, हा विरह. तर माझी अकरावीतली लेक म्हणाली, "आई, तिने त्याला अजून बघितलंसुद्धा नाही. न भेटलेल्या माणसाचा विरह कसा होईल?" मला उत्तर देता आलं नाही. कोशात पाहिलं तर विरह म्हणजे वियोग आणि वियोग म्हणजे विरह. नेमका फरक कुणी सांगेल का?

ऐरोली :
ताई, लेकीने बरोबर जागी बोट ठेवलंय. वियोगात 'युज्' आहे, जोडणं. जे जोडलेलं होतं ते सुटलं की वियोग. विरहात 'रह्' आहे, सोडणं, टाकणं. 'रहित' त्याच घरातला. म्हणजे दोन्ही शब्दांना आधीची भेट लागते. दमयंतीची ती झालेलीच नाही.

म्हणून काव्यशास्त्राने या सगळ्यावर, म्हणजे प्रेमातल्या न भेटण्यावर, तिसराच शब्द घातला : विप्रलंभ. यात 'लभ्' आहे, आपल्या 'लाभ'मधला. आशा लागावी आणि हाती काही लागू नये, म्हणून याचा एक अर्थ फसगत असाही होतो. अष्टनायिका म्हणजे प्रेमातल्या अवस्थेवरून केलेले नायिकांचे आठ प्रकार; त्यातली विप्रलब्धा आठवा. ठरल्या जागी ती येऊन थांबते आणि तो येतच नाही.

अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने विप्रलंभाचे पाच प्रकार केले : अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप. दमयंतीचा झाला अभिलाष, भेटीआधीची ओढ. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथ या दुसऱ्या शास्त्रकाराने याच अवस्थेला पूर्वराग म्हटलं. मला तो शब्द जास्त आवडतो, कारण राग म्हणजे रंग चढणं, आणि इथे तो नुसत्या ऐकण्यानेच चढतो.

गंमत पुढेच आहे. मम्मटाच्या यादीत विरह हा पाचातला एक, आणि टीकाकार त्याचा अर्थ सांगतात तो असा : दोघं एकाच ठिकाणी असूनही वडीलधाऱ्यांच्या भिडेने भेटू शकत नाहीत. मग कालिदासाच्या मेघदूतातला, शापाने प्रियेपासून दूर पडलेला आणि मेघाकरवी तिला निरोप धाडणारा यक्ष? त्याला मम्मट शापाच्या खान्यात घालतो, आणि उदाहरणाला मेघदूतातलाच श्लोक देतो. यक्ष गेरूसारख्या धातुरंगाने शिळेवर रुसलेल्या प्रियेचं चित्र काढतो. तिच्या पायाशी स्वतःला काढायला जातो, तर डोळे भरून येतात आणि समोरचं काही दिसेनासं होतं. चित्रातली भेटसुद्धा दैवाला सोसत नाही, असं तो म्हणतो. कालिदासाने मात्र पहिल्याच श्लोकात या शापाला 'कान्ताविरहगुरु' म्हटलंय, प्रियेच्या विरहाने जड झालेला. कवीने शब्द सैल वापरला आणि आपण मराठीत तोच सैलपणा उचलला. माझ्या मते त्यात काही बिघडलं नाही. फक्त वाचताना 'विरह' म्हणून पुढे जाऊ नये, कशामुळे ते विचारावं. शाप असेल तर त्याला मुदत असते. यक्ष मेघाला भेटतो तो आषाढात आणि शाप सुटणार कार्तिकी एकादशीला, म्हणून तर निरोपात चार महिने कळ काढ असं सांगता येतं. अभिलाषाला अशी तारीख नसते.

चालू मराठीत मात्र एक सीमा पक्की आहे. पुत्रवियोग म्हणतो, पुत्रविरह कानाला खटकतं. वियोग मृत्यूपर्यंत जातो, विरहात परत भेटण्याची आस धरलेली असते.

कोपरखैरणे :
ऐरोलीच्या दादांशी सहमत. एक भर घालतो. माझे आजोबा माथाडी कामगार होते आणि आजी साताऱ्याकडे गावी. शास्त्राप्रमाणे ती प्रोषितभर्तृका, नवरा परगावी असलेली. विरह हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ती म्हणायची, "वाट बघण्यात जन्म गेला." ती रस्त्याकडे तोंड करून तांदूळ निवडायची, आणि एसटीचा आवाज आला की हात थांबायचा. पूर्वमेघ, मेघदूताचा पहिला भाग, पुन्हा वाचला तेव्हा जाणवलं, तिथेही वाटच आहे. आधी रस्ता ऐकून घे, असं यक्ष मेघाला सांगतो आणि निरोप मागाहून.

नौपाडा, ठाणे :
दोघांचे मनापासून आभार. काल येऊरच्या डोंगराला ढग टेकले होते. गच्चीत लेकीला 'आषाढस्य प्रथमदिवसे' म्हणून दाखवलं आणि हे सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग माऊलींच्या 'पैल तो गे काऊ'मधला यातला कुठला?"

ऐरोली :
रात्रभर तोच विचार केला. तिथे हंसाच्या आणि मेघाच्या जागी कावळा आहे, पण त्याला निरोप घेऊन धाडायचं नाही. खबर त्याच्याकडूनच हवी आहे, त्यासाठी पाय सोन्याने मढवायची तिची तयारी आहे. 'पाहुणे पंढरीराऊ घरा कैं येती' असं विचारते ती. मला तिथला महत्त्वाचा शब्द 'पाहुणे' वाटतो. येणार हे ठरलेलं, फक्त कधी ते कळायचं राहिलंय. पाच खान्यांतल्या एकातही हे मला बसवता येत नाही. लेकीला काय वाटतं?