मदत हवी आहे: डोंबिवलीत जुना वन बीएचके, हातात साडेतीन लाख. काय करावं, काय सोडावं?

नवी_किल्ली:
डोंबिवली पूर्वेला रीसेल फ्लॅट घेतला आहे. १९९९ची आरसीसी इमारत, तळमजला अधिक चार, आमचा तिसरा मजला. कार्पेट ४१० चौ. फूट. हॉल, बेडरूममध्ये मोझॅक लादी, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा आठ फुटी ओटा. बाथरूम ६ बाय ४ आणि संडास ४ बाय ३, दोन्ही वेगळे. संडासात देशी भांडं आहे. वायरिंग मूळचंच दिसतं. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे.

एका ठेकेदाराने दिलेला अंदाज: व्हिट्रिफाइड लादी ६२,०००, बाथरूम आणि संडास १,३५,०००, मॉड्युलर किचन १,४५,०००, हॉलला फॉल्स सीलिंग ३८,०००, वायरिंग ४८,०००, रंग ४५,०००. एकूण ४,७३,०००. माझ्याकडे ३,५०,०००च्या वर एक रुपया नाही. सगळ्यातच थोडी थोडी काटछाट करावी का? बाथरूम-संडास एकत्र करणं कितपत योग्य? घरात चार माणसं आहेत.

ओळंबा:
थोडी थोडी काटछाट हा सगळ्यात वाईट मार्ग. त्याने प्रत्येक काम अर्धवट होतं. जे टाइल्सच्या आणि प्लास्टरच्या मागे जाणार आहे ते पूर्ण करा, जे नंतर स्क्रू काढून बदलता येतं ते पुढे ढकला. फॉल्स सीलिंग आजच यादीतून काढा. छत आधीच फार उंच नसेल तर ते आणखी खाली येतं, आणि पंखाही रॉड लांबवून खाली आणावा लागतो.

पण पैसे काढण्याआधी एक काम करा. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सोबत गेल्या दोन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा. पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर माझं उत्तर वेगळं: गळती थांबवा, वायरिंग सुरक्षित करा, रंग मारा आणि थांबा. पाडायच्या घरात ग्रॅनाइट बसवू नये.

परवानगीचा अर्ज लेखी द्या, त्यात काय तोडणार ते खोलीवार लिहा. कामाच्या वेळा, अनामत, डेब्रिज कुठे ठेवायचं आणि किती दिवसांत उचलायचं हे आधी विचारा. लिफ्ट नसेल तर गोण्या उतरवायची मजुरी वेगळी लागते आणि ती अंदाजपत्रकात कोणीच लिहीत नाही. तुमच्याही अंदाजात नाही.

पाना_पक्कड:
बाथरूमबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या घरात खरा खर्च आणि खरा धोका तिथेच आहे.

एकत्र करू नका. चार माणसांत सकाळी दोन वेगळ्या खोल्या जास्त उपयोगी. मधली चार इंची भिंत पाडली की तिच्याखालचा भराव, दोन्हीकडचे ढाळ, सगळंच नव्याने करावं लागतं.

खालच्या घरात आत्ता गळती आहे का ते स्वतः जाऊन पाहा. नसेल आणि भांडं बदलायचं नसेल, तर लादी न फोडता जुने सांधे कोरून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पक्का मसाला) भरून काही वर्षं सहज निघतात. पण तुम्हाला देशी भांडं काढून कमोड हवा असणार, आणि देशी भांडं भरावात बसवलेलं असतं. म्हणजे संडास फोडणं आलंच. मग नीट स्लॅबपर्यंत जा.

क्रम असा. फोडल्यावर भराव पूर्ण उचला. स्लॅबमधून पाइप जिथे आरपार जातो ती जागा बघा, बऱ्याच गळत्या तिथल्याच असतात असं कोणताही जुना प्लंबर सांगेल. पाइपभोवती कोरून नॉन-श्रिंक ग्राउट भरायचं. साधं सिमेंट सुकताना आकसतं, केसाएवढी फट राहते आणि पाण्याला तेवढी पुरते. जुना पाइप बिडाचा असेल तर त्यात नवा पीव्हीसी घुसवून वर सिमेंट थापू देऊ नका. दोन्हींचं प्रसरण वेगळं, सांधा सुटतोच. रबरी रिंगचा जोड मागा.

कोपऱ्यांना गोलाई द्या, काटकोनात कोटिंग तडकतं. मग पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. भिंतीवर सगळीकडे एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फूट. कोटिंग वाळल्यावर नहाणी ट्रॅपला (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याला) बोळा लावून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. खालच्यांना छत बघायला सांगा. भराव आणि कोबा (त्यावरचा सिमेंटचा थर) झाल्यावर पुन्हा हीच चाचणी. ठेकेदार म्हणेल, ‘एकदा केली ना.’ दुसरीही कराच, कारण भराव टाकताना घमेल्याच्या काठाने कोटिंग फाटतं.

ढाळ: सहा फुटांना पाऊण ते एक इंच, ट्रॅपच्या दिशेने. टाइल लावताना बादलीभर पाणी ओतून बघा, डबकं राहिलं तर तेव्हाच उचलायला लावा. बाथरूमची लादी बाहेरच्या लादीपेक्षा निदान पाऊण इंच खाली आणि दाराशी ग्रॅनाइटचा उंबरा. चौकटही ग्रॅनाइटचीच, लाकडाची खालून सडते.

पाणी: जुन्या जीआयला (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपला) हात लागणारच आहे, तर पूर्ण काढा. गरम-गार दोन्हीला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप), मुख्य लाइन पाऊण इंच, नळांना अर्धा. सॉल्व्हंट (सांधे चिकटवायचं रसायन) सीपीव्हीसीचंच. पीव्हीसीचं वापरलं तर गरम पाण्याच्या लाइनीचा सांधा काही महिन्यांत सुटतो. नळाच्या तोंडाशी पितळी आट्यांचा एल्बो. टाइल्सच्या आधी हातपंपाने ७ किलोचा दाब देऊन रात्रभर ठेवा, काटा उतरता कामा नये.

कमोड विकत घेण्याआधी पूर्ण झालेल्या भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं माप घ्या. एस-ट्रॅपचे (खाली जमिनीत आउटलेट असलेले) कमोड ४, ९ आणि १२ इंचांत मिळतात. नुसत्या विटेपासून मोजलं तर टाइल-अ‍ॅडहेसिव्हचा पाऊण इंच खातो आणि कमोड बसत नाही.

नवी_किल्ली:
पाना_पक्कड, खूप आभार. खाली उतरून पाहिलं, संडासाच्या कोपऱ्यात खालच्यांच्या छताला पिवळा डाग आहे. म्हणजे फोडणं नक्की. टाइल्स मीच आणणार आहे, सात फुटांपर्यंत भिंत धरली तर किती लागतील?

पाना_पक्कड:
बाथरूमचा परिघ २० फूट, गुणिले ७ म्हणजे १४०, दाराचे १५ वजा, राहिले १२५. संडास १४ गुणिले ७ म्हणजे ९८, वजा १५, ८३. भिंती एकूण २०८, त्यावर दहा टक्के मोडतोड धरून २२९ चौ. फूट. १२ बाय १८ची एक टाइल दीड फुटाची, म्हणजे १५३ नग. खोक्यात सहा असतील तर २६ खोकी. जमिनीला ३६ चौ. फूट, खरखरीत पृष्ठभागाची घ्या, चाळीस आणा. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते दुकानातच तपासा. नंतर आणलेलं एक खोकं वेगळ्या छटेचं निघालं की भिंतीवर लगेच डोळ्यांत भरतं. दोन-तीन टाइल्स माळ्यावर जपून ठेवा.

फेज_न्यूट्रल:
वायरिंगच्या ४८ हजारांत काय धरलंय ते लिहून घ्या. १९९९च्या घरात दिव्यांच्या पॉइंटला बऱ्याचदा अर्थिंग नसतं. नवीन ओढताना प्रत्येक पॉइंटला हिरवी वायर हवी.

दिवे-पंख्याला १.५ चौ. मिमी तांब्याची, एफआर (लवकर पेट न घेणाऱ्या) दर्जाची, ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच). स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, गीझरला २.५, एमसीबी १६चा. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो, त्यामुळे २.५ला काही अडचण नाही. एसी पुढे लावायचा असेल तर आत्ताच ४ची वायर टाकून पॉइंट बंद करून ठेवा, नंतर भिंत फोडणं महाग पडतं. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. इथे हमखास एक चूक होते. वायरमन न्यूट्रल (परतीची वायर) वाचवतो, आरसीसीबीवरच्या आणि त्याबाहेरच्या सर्किटला एकच. मग आरसीसीबी सारखा पडतो आणि तो म्हणतो, ‘साहेब, हा काढूनच टाकू.’ काढायचा आरसीसीबी नाही, न्यूट्रल वेगळे करायचे.

झिऱ्या (वायरसाठी भिंतीत पाडायच्या खाचा) उभ्याच मारायच्या. चार इंची भिंतीत लांबलचक आडवी झिरी भिंत कमकुवत करते. बीम-कॉलमला छिन्नी लावू देऊ नका. झिरी बुजवताना वर जाळी ठोका, नाहीतर नेमकी तिथेच रंगावर रेघ उमटते. बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो. आणि वीजबिलावर मंजूर भार बघा. एसी आणि गीझर धरून तो कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

कानस:
लादीबद्दल कोणी बोललंच नाही! मोझॅक आहे ना? मग ६२ हजार कशाला? घासून पॉलिश करा. मोझॅकचा वरचा थर जाड असतो, मशीनने घासल्यावर आतली खडी पुन्हा वर येते आणि नव्यासारखी दिसते. आधी ६० नंबरचा दगड, मग १२०, मग ३२०, शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड घालून. पहिल्या घासणीनंतर बारीक भोकं दिसतात, ती त्याच रंगाचं सिमेंट कालवून भरायची आणि चारेक दिवस ओली ठेवायची. घाईत दुसऱ्या दिवशी घासलं तर भरलेलं उखडून येतं. हॉल, बेडरूम आणि पॅसेज मिळून तीनशे-सव्वातीनशे फूट भरतील. १४ हजार बाजूला ठेवा.

घासणीचा चिखल बाथरूममध्ये ओतू देऊ नका. तो सिमेंटच आहे, ट्रॅपमध्ये जाऊन घट्ट होतो. बादलीत गोळा करून गोणीत भरायचा. भिंतीवरही फूटभर शिंतोडे उडतात, म्हणून पॉलिश रंगाच्या आधी.

ओळंबा:
कानसशी सहमत, एक पुस्ती. आधी लाकडाच्या ठोकळ्याने लादी वाजवून बघा. पाच-सात लाद्या पोकळ वाजल्या तर तेवढ्याच उचलून बसवता येतात, बदली लाद्या पलंगाखालच्या किंवा कपाटाखालच्या जागेतून काढायच्या. अर्धा हॉलच पोकळ असेल तर पॉलिशचे पैसे फुकट. मग पोकळ लाद्या उचलून ती जागा भरून घ्यायची आणि लादीवर लादी, टाइप २ किंवा त्यावरच्या दर्जाच्या अ‍ॅडहेसिव्हने. व्हिट्रिफाइड पाणी जवळजवळ शोषत नाही, नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती धरत नाही. जमीन अर्ध्या इंचाने वर येईल, सगळी दारं खालून कापावी लागतील, मुख्य दारही.

फोडणी:
किचनचे १,४५,००० मला पटत नाहीत. ओट्याखालचे कडाप्प्याचे उभे आधार शाबूत असतील तर तेच ठेवा. वरचा कडाप्पा काढून १८ मिमी ग्रॅनाइट, रुंदी २६ इंच, म्हणजे पुढे थोडा बाहेर येतो आणि पाणी ट्रॉलीवर गळत नाही. ग्रॅनाइटच्या खालच्या कडेला बारीक खाच पाडून घ्या, थेंब तिथेच तुटतो. उंची ३३-३४ इंच, पण जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहणार तिच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली हे माप खरं.

आत स्टीलच्या दोनच ट्रॉल्या: एक ताटं-वाट्यांची, एक डब्यांची. सिंकखाली ट्रॉली नको. बाकी कप्पे कडाप्प्याचे, त्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची दारं. ओलसर जागेत साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्लाय घातलात तर दोन पावसाळ्यांत फुगेल. प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१०चा, म्हणजे मरीन. ट्रॉलीचं माप टाइल्स लागल्यावर घ्या, आधी नाही. सगळं साठ हजारांत बसवा. पाइप गॅस असेल तर ती नळी प्लंबरला हलवू देऊ नका, गॅस कंपनीकडेच अर्ज.

नवी_किल्ली:
सगळं मांडून पाहिलं: बाथरूम-संडास १,३५,०००, वायरिंग आरसीसीबीसकट ५२,०००, पॉलिश १४,०००, किचन ६०,०००, रंग ४२,०००. झाले ३,०३,०००. डेब्रिज आणि हमालीला १२,०००, राखीव ३५,०००. बरोबर साडेतीन लाख. आता ओलीच्या भिंतीचं काय? रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफ पुट्टी मारू.

ओळंबा:
आतून पुट्टी मारून बाहेरचं पाणी थांबत नाही. ते मागे साठतं आणि पुट्टी पापुद्र्यासारखी सुटते. आधी परीक्षा: दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर ती खोलीतलीच दमट हवा. वरच्यांचं बाथरूम त्या भिंतीला लागून नसेल तर बाहेरच्या प्लास्टरची भेग किंवा पावसाचा पाइप. बाहेरची भिंत आणि सामायिक पाइप यांची गळती दुरुस्त करणं उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने होतं, लेखी तक्रार करून पोच घ्या. वरच्या घराच्या संडास-बाथरूमची असेल तर ते प्रकरण तुमच्या आणि वरच्यांच्यातलं.

तोवर ती एक भिंत प्लास्टर खरवडून उघडी ठेवा, बाकी घर रंगवून घ्या. दुसऱ्या भिंतींवर ओला हात घासून बघा, रंग हाताला लागला तर ते डिस्टेंपर आहे. ते पूर्ण खरवडल्याशिवाय पुट्टी धरत नाही. छतासकट १३०० चौ. फुटांच्या आसपास रंगकाम भरेल. पुट्टीच्या ४० किलोच्या तीन-चार गोण्या, भिंतींना साधारण १५ लिटर, छताला पांढरा सात-आठ. गोण्या एकदम आणू नका, उघडी पुट्टी हवेतला दमटपणा धरून गोळे होते.

पाना_पक्कड:
पैशांचं राहिलं. ठेकेदाराला तारखेवर पैसे देऊ नका, टप्प्यावर द्या. बाथरूमचे: फोडून डेब्रिज उतरल्यावर २० टक्के, पाइप दाबाच्या चाचणीत टिकल्यावर ३०, दुसऱ्या पाण्याच्या चाचणीनंतर ३०, टाइल्स आणि फिटिंग झाल्यावर १०. शेवटचे १० टक्के महिनाभर वापर करून, खालच्यांचा तो पिवळा डाग वाढला नाही हे बघून. आज त्या डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहायची परवानगी त्यांच्याकडून घ्या.

नवी_किल्ली:
विचारते आजच संध्याकाळी.