स्वतः लिहिलेल्या शपथा आणि मधली मेणबत्ती
चर्चमधल्या ख्रिस्ती लग्नात शपथा स्वतःच्या शब्दांत घेता येतील का, हा मूळ प्रश्न. बरेच पाळक मधला मार्ग काढतात: संमतीचे प्रश्न आणि पती-पत्नी जाहीर करण्याचं वाक्य उपासनापुस्तकातलंच राहतं, तुमचं लिखाण त्याला जोडून येतं. मसुदा महिनाभर आधी दाखवा. दोघांचं मिळून तीन मिनिटं पुष्कळ झाली. मोठ्या अक्षरात छापलेला कागद पाळकांच्या पुस्तकातच ठेवायला द्या. मोबाइल नेमका तेव्हाच लॉक होतो.

शास्त्रपाठाला, म्हणजे लग्नात वाचायच्या बायबलच्या उताऱ्याला, प्रीतीवरचा १ करिंथ १३ नको असेल तर रूथ १:१६-१७ (‘तू जाशील तिथे मी येईन’) छान आहे. फक्त ते शब्द सून सासूला म्हणते, हे माहीत असू द्या. (सासूबाई खूशच होतील म्हणा.)

आता एकतेची मेणबत्ती: वधू-वर आपापल्या बारीक मेणबत्तीने मिळून मधली एक जाड मेणबत्ती पेटवतात, तो विधी. फसते ती मधली जाड मेणबत्ती. नव्या वातीवर मेणाचा थर असतो, ती पटकन धरत नाही. दोघं वाकून उभे आणि ऑर्गनवरचं गीत संपतं. आदल्या दिवशी तालमीत ती काही मिनिटं जाळून विझवा, वात साधारण अर्धा सेंटीमीटर ठेवा. आणि वेदीजवळचा पंखा बंद करायचं काम एका माणसाला नेमून द्या.