मदत हवी आहे: सहावारी साडीवर ५४ कोटी वर्षं

नमस्कार मंडळी, आम्ही साताऱ्याचे. लेक सातवीत, पुढच्या शनिवारी विज्ञान प्रदर्शन. विषय तिनंच निवडलाय: समुद्रातले जीव जमिनीवर कसे आले.

सासूबाईंची जुनी सहावारी काढलीये. १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षं धरली, की ५४ कोटी वर्षं ५.४ मीटरमध्ये बसतात. पदर म्हणजे आजचा काळ; दुसऱ्या टोकाला ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेला कँब्रियन काळ, ट्रायलोबाइट (कवचवाले, भरपूर पायांचे समुद्री जीव) वगैरे. पदरापासून पावणेचार मीटरवर टिकटालिक नावाचा जीवाश्म मासा, २००४ मध्ये कॅनडातल्या एल्समिअर बेटावर सापडलेला. खवले-कल्ले माशाचे, पण मान वळायची आणि परांत मनगटासारखी हाडं! आपल्या अजिंक्यताऱ्याचा लाव्हा पदरापासून ६६ सेंटिमीटरवर. माणूस जेमतेम ३ मिलिमीटर. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पिकोएवढाच की!"

आता अडलंय ते असं. जमिनीवरच्या वनस्पतींचे बीजाणू साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात. तिथून टिकटालिकपर्यंत जवळपास मीटरभर साडी रिकामी दिसतेय. गोम-विंचवाचे पूर्वज माशांच्या आधी वर आले एवढं माहितीय, आणखी काय लावू?

दुसरं, आमच्या आडाच्या कठड्यावर पावसाळ्यात चपटी, फाटे फुटलेली हिरवी लिव्हरवर्ट उगवते. पहिल्या वनस्पतींची जवळची नातलग म्हणून तीच ठेवायचीय, पण खरवडून आणली की दुपारपर्यंत सुकते. कशात जगवायची?

आणि शाडूच्या ट्रायलोबाइटला पाय कसे करायचे, कुणी केलेत का? आमचे दोनदा गळून पडले.