गाळ नाल्यातून उपसायचा की प्लॉटच्या गेटवरच अडवायचा?

ओली माती (चर्चा सुरू करणारी)

एप्रिल उजाडला की मुंबईत नालेसफाई किती टक्के झाली याच्या बातम्या सुरू होतात. गाळाच्या वजनावरून वाद होतात, डंपरचे फोटो खरे की खोटे यावर वाद होतात. २०२५ मध्ये तर मिठी नदीच्या गाळउपशातल्या कथित गैरव्यवहाराचा गुन्हाच आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. एवढं सगळं होतं, पण हा गाळ नाल्यात उतरतो कुठून, हे विचारायची आपली तयारी नाही.

माझं म्हणणं असं: खोदकाम करणाऱ्या प्रत्येक प्लॉटकडून, मग तो कितीही छोटा असो, माती अडवण्याचा आराखडा खोदकामाच्या परवानगीआधीच घ्या. नंतर तो पाळला जात नसेल तर खोदकाम थांबवा.

संध्याकाळी कुठल्याही पुनर्विकासाच्या साइटच्या गेटवर उभं राहून बघा. डंपर बाहेर पडतो, चाकांना चिकटलेला मुरूम रस्त्यावर सांडत जातो. मग वॉचमन पाइप घेऊन रस्ता धुतो आणि तो लाल राबडा समोरच्या जाळीतून थेट पर्जन्य जलवाहिनीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने धुळीसाठी नियम काढले: साइटभोवती २५ ते ३५ फुटांचे पत्रे, पाण्याचे फवारे, गेटवर चाकं धुणं. नियम चांगलेच आहेत. पण चाकं धुतलेलं पाणी कुठे जातं याकडे साइटवर कोणी बघत नाही. हवेतली धूळ आपण पाण्यात कालवून गटारात सोडतोय.

आराखड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारीख. उघडी माती पावसात ठेवायचीच नाही. खोदकाम पावसाळ्याआधी अशा टप्प्यावर आणायचं की उतार झाकलेले असतील आणि बाहेरचं पाणी खड्ड्यात येणार नाही. मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. म्हणजे '३१ मेपर्यंत उरकू' हा हिशेबही आता पुरत नाही, १५ मे धरून चाला. त्यानंतर येतं बाहेरचं पाणी बाहेरच वळवणारा चर आणि बांध, मातीच्या ढिगावर ताडपत्री आणि खड्ड्यातलं पाणी बाहेर सोडण्याआधी निवळायची टाकी. यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नाही.

साइटवाला, अंधेरी

ताई, कागदावर छान दिसतं. मी रोज साइटवर असतो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

आमचा प्लॉट १,००० चौरस मीटरचा आहे. बेसमेंट हद्दीपासून हद्दीपर्यंत, शोअर पाइल, म्हणजे खड्ड्याची कड धरून ठेवणारे खांब, शेजारच्या कंपाउंडला चिकटून. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर माझ्या खड्ड्यात ५० हजार लिटर पाणी येतं. पाच टँकर, एका तासाला! ते निवळायला कुठे ठेवू? सळ्यांचं यार्डसुद्धा आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याने घेतलंय.

पुस्तकात असतं ते गाळाचं तळं, कापडी कुंपण, गवत लावलेला पट्टा हे सगळं अमेरिकेतल्या माळावरच्या घरबांधणीसाठी आहे. तिकडे एक एकर किंवा जास्त जमीन उघडी केली की असा आराखडा सक्तीचा होतो. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. आमच्यासारखे चार प्लॉट त्यात बसतील. तिकडचे नियम उचलून इकडे लावले की माणूस कागद भरतो आणि काम आहे तसंच चालतं.

आणि तारखेचं म्हणाल, तर सीसी, म्हणजे काम सुरू करायची पालिकेची परवानगी, कधी हातात पडेल हे आमच्या हातात असतं का? फेब्रुवारीत अपेक्षित असलेली सीसी मेमध्ये येते. तेव्हा काय चार महिने मशीन उभी ठेवायची? भाडेकरू बाहेर राहतायत, त्यांचं भाडं दर महिन्याला चालू आहे.

नाला बघणारा, चुनाभट्टी

माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी. आमच्या नाल्यातून पोकलेन जे काढतं ते उभं राहून बघितलंय. प्लास्टिक, गाद्या, थर्माकोल, सांडपाण्याचा काळा चिखल. लाल मुरूम त्यात किती? बांधकामाचा वाटा किती हे मोजल्याशिवाय सगळा दोष बिल्डरवर टाकणं बरोबर नाही. कचरा उचलायची व्यवस्था धड नसताना आपण आराखड्यावर चर्चा करतोय.

शिवाय भरतीचं काय? नाले कितीही साफ असले तरी साडेचार मीटरच्या भरतीला पाणी समुद्रात जाणार नाही.

ओली माती

दोघांनाही सविस्तर उत्तर देते.

नाला बघणारे, मोठ्या नाल्याच्या तोंडाशी तुम्ही म्हणता तेच दिसतं, मान्य. पण घोट्याएवढं पाणी तुंबतं ते आधी गल्लीत, जिथे फूट-दीड फूट व्यासाचा पाइप असतो. त्यात प्लास्टिक अडकतं खरं, पण पाइपचा तळ वर आणते ती वाळू, कच आणि सिमेंटची राबडी. सगळ्यात वाईट म्हणजे काँक्रीट आणणारा ट्रान्झिट मिक्सर धुतलेलं पाणी. ते पाइपात जाऊन घट्ट होतं, मग सक्शन मशीनने निघत नाही, छिन्नीने फोडावं लागतं. आपल्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या, २००५ नंतर ५० च्या लक्ष्याने कामं हाती घेतली. पाइपचा तळ भरलेला असेल तर हे आकडे कागदावरच राहतात. आणि भरती आपल्या हातात नाही म्हणून ओहोटीच्या सहा तासांत पाणी जायची वाट भरून ठेवायची का?

साइटवाले दादा, तुमचा ५० हजार लिटरचा हिशेब बरोबर आहे. पण ते पाणी ठेवायला जागा नाही असं कसं म्हणता? तुमचा खड्डाच सगळ्यात मोठी टाकी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. खड्ड्यात बाहेरचं पाणी येऊ दिलं नाही, तर तसल्या दिवशीही एक मीटरपेक्षा कमी पाणी साठेल. गाळ बाहेर जातो तो पंपामुळे. पंपाचं तोंड चिखलात टेकवून रात्रभर उपसा चालतो म्हणून. तोंड तरंगत्या ड्रमला बांधून वरचं निवळ पाणी उपसलं, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

उरलेल्यासाठी टाकी, आणि तिचं माप डोळे दिपवणारं नाही. ०.०५ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण दोन मिलिमीटर खाली बसतो. तुमचा चार इंची पंप सेकंदाला २० लिटर देतो असं धरा. पंपाच्या पाण्याला कण बसायच्या वेगाने भागलं की १० चौरस मीटर पृष्ठभाग येतो. पाणी ढवळतं म्हणून दुप्पट करा, २० चौरस मीटर. पत्र्याच्या दोन लांब टाक्या एकापुढे एक, मध्ये आडव्या पट्ट्या. त्यात वाळू आणि जाडसर गाळ बसतो.

त्याहून बारीक चिकणमाती मात्र बसत नाही, हे आधीच सांगते. एक मायक्रॉनच्या कणाला एक मीटर खाली जायला दहा दिवसांहून जास्त लागतात. तिथे तुरटी किंवा तत्सम काही लागतं, आणि मात्रा आधी बरणीत बघून ठरवावी लागते. पण ती चिकणमाती वाहत्या पाण्यात तरंगत पुढे जाते, पाइप भरते ती वाळू. पहिल्या वर्षी वाळू आणि सिमेंट अडवलं तरी मला पुरे आहे. खाडीत काय जातं तो पुढचा मोठा प्रश्न.

एक एकरच्या मर्यादेबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आपल्याकडेही पर्यावरण मंजुरी २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते, त्यामुळे गल्लीतल्या कितीतरी इमारती त्यातून सुटतात. म्हणूनच मुंबईत मर्यादा प्लॉटच्या आकारावर नको, खोदकामावर हवी.

साइटवाला, अंधेरी

ड्रमचं डोकं चालेल, ते करता येईल. पण खड्ड्यात पाणी ठेवा हे सहज बोलू नका. आमच्याकडे वर भराव आणि खाली मऊ माती आहे. रात्रभर पाणी राहिलं की तळ लोण्यासारखा होतो आणि शोअर पाइलच्या पायाशी माती सैल पडते. शेजारी ४० वर्षांची इमारत आहे. २०१८ च्या जूनमध्ये अँटॉप हिलला खोदकामाच्या बाजूची भिंत कोसळून गाड्या खाली गेल्या, ते विसरलात? पाणी उपसणं हा माझ्यासाठी लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. गाळ आणि भिंत यांत निवडायचं असेल तर मी भिंत निवडणार, आणि तुम्हीही तेच निवडाल.

ओली माती

तिथे भिंतच आधी, यात वाद नाही. खड्ड्याचा तळ मऊ असेल तिथे पाणी साठवू नका, एका कोपऱ्यात खडी भरलेला संप, म्हणजे पाणी गोळा व्हायचा छोटा खड्डा, करा, चर तिकडे वळवा आणि उपसा चालू ठेवा, पण टाकीतूनच. कुठे साठवायचं आणि कुठे नाही हे माती बघून इंजिनियरने आधी लिहून द्यावं, म्हणूनच आराखडा मागतेय. रात्री दोन वाजता सुपरवायझरने एकट्याने हे का ठरवायचं?

निवृत्त अभियंता

मी पालिकेच्या नोकरीत होतो, खातं सांगत नाही. ओली माती यांचं तंत्र बरोबर आहे. माझी शंका अंमलबजावणीची आहे.

आयओडी, म्हणजे पालिकेची सुरुवातीची सशर्त मंजुरी, तिच्याबरोबर अटींची लांब यादी जाते. तीत आणखी एक कागद घातलात तर त्यावर सही होईल, शिक्का बसेल आणि फाइल बंद. वॉर्डातला दुय्यम अभियंता पावसाळ्यात झाडं, खड्डे, धोकादायक इमारती, तुंबलेलं पाणी हे सगळं एकट्याने बघतो. तो प्रत्येक गेटवर कधी जाणार? अमेरिकेत सहा-सात मिलिमीटर पाऊस झाला की २४ तासांत साइट तपासायची अशी पद्धत आहे. ती इथे लावली तर जुलैत रोज तपासणी करावी लागेल. आणि जिथे तपासणारा एक आणि तपासायचं हजार ठिकाणी, तिथे चिरीमिरीची नवी खिडकी उघडते. हे कटू आहे, पण मी आतून बघितलं आहे.

म्हणून माझी सूचना वेगळी आहे. आराखडा तपासू नका, जाळी तपासा. खोदकाम सुरू होण्याआधी गेटसमोरच्या दोन मॅनहोलची झाकणं उघडून आत किती गाळ आहे त्याचा पट्टी लावून फोटो घ्यायचा. खोदकाम संपल्यावर पुन्हा तसाच. वाढलेला गाळ काढायचा खर्च त्या साइटकडून वसूल करायचा. कोणती टाकी, कोणता ड्रम, हे ज्याचं त्याने ठरवावं.

नाला बघणारा, चुनाभट्टी

हे मला पटतं. यात मोजमाप आहे. माझा मूळ प्रश्नही यातूनच सुटेल, बांधकामाचा वाटा खरंच किती ते कळेल. पण एका रस्त्यावर तीन साइट चालू असतील तर कोणाची माती हे कसं ठरवणार, काका? आमच्या इथे एकाच वेळी दोन पुनर्विकास आणि रस्त्याचं काँक्रिटीकरण चालू होतं.

निवृत्त अभियंता

तिथे तिघांवर वाटून. रस्त्याच्या ठेकेदारालाही सूट नको, तोही खोदतोच. तक्रार असेल तर त्यांनी आपापसात भांडावं, गल्लीतल्या लोकांनी नाही.

सोसायटी सचिव, विलेपार्ले

आमची इमारत यंदा पुनर्विकासाला जातेय, म्हणून वाचत होते. खर्चाची भीती दाखवली जाते, पण साइटवाले, दोन पत्र्याच्या टाक्या आणि ताडपत्रीने आमचं भाडं थांबेल असं खरंच वाटतं तुम्हाला? आम्ही क्लब हाउसच्या टाइल्सवरून महिनोन् महिने घासाघीस करतो. यासाठी पालिकेच्या नियमाची वाट का बघायची? विकास करारातच लिहून घेऊ: खोदकामाचं पाणी टाकीतूनच बाहेर जाईल, मिक्सर साइटबाहेर धुतला जाणार नाही, आणि गेटसमोरच्या मॅनहोलचे आधीचे-नंतरचे फोटो सोसायटीला मिळतील.

साइटवाला, अंधेरी

करारात असेल तर टेंडरमध्येच त्याचा दर धरता येतो, मग माझी तक्रार नाही. मधेच नोटीस येते तेव्हा दर कुठून आणायचा हा आमचा त्रास असतो. फक्त एक ओळ वाढवा: टाकीतला गाळ उचलून कुठे टाकायचा ते ठिकाण आधी ठरलेलं हवं. नाहीतर टाकी आठवड्यात भरते आणि मग कोणीतरी रात्री तीच नाल्यात रिकामी करतो.

ओली माती

ती ओळ सगळ्यात आधी घाला, सचिव ताई. राडारोड्याबरोबरच उचलला जाईल आणि प्रत्येक फेरीची पावती सोसायटीकडे येईल, असं लिहा. काकांच्या फोटोंची कल्पना मला आवडली, पण पैसे नंतर वसूल होतात आणि गाळ जुलैतच गल्ली भरतो. त्यामुळे आराखडा आधीच हवा, हा माझा आग्रह मी सोडत नाही.

निवृत्त अभियंता

आणि मी माझी शंका. पार्ल्याचा करार झाला की मसुदा इथे टाका, मॅनहोलच्या फोटोचं कलम मी लिहून देतो.