एल्कसाठी .308: गोळी कोणती, नेम कुठे?

प्रश्न: अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना मिळालाय. .308 रायफलसाठी 150 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधी मऊ टोकाची गोळी चालेल का?

उत्तर: कायद्याने 85 ग्रेनही पुरे, पण साधी गोळी जवळून खांद्याच्या हाडावर बसली की फुटून विखुरते, फुप्फुसापर्यंत पोचेलच असं नाही. 165 किंवा 180 ग्रेनची बाँडेड, म्हणजे आवरण आतल्या शिशाला घट्ट जोडलेली गोळी घ्या. अखंड तांब्याची असेल तर 150 चालेल. मात्र लांबवर वेग पडला की ती नीट उमलत, म्हणजे टोकाशी फुलून पसरत नाही.

प्रश्न: नेम कुठे धरायचा?

उत्तर: जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या, छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबा. तिरकं पाठमोरं असल्यास पलीकडचा खांदा धरा. समोरून तोंड असेल तर कृपया थांबाच.

प्रश्न: पोटात लागली तर?

उत्तर: लगेच मागे धावू नका, काही तास द्या. बसलेलं जनावर उठवलंत तर मैलभर जाईल.