पॉवर स्टिअरिंगमधली हवा निघेना, मदत हवी आहे

मंडळी, जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची गाडी आहे. रिटर्नचा (ऑइल टाकीत परत आणणारा) पाइप झिरपत होता म्हणून बदलला, ऑइलही नवीन भरलं. तेव्हापासून जागेवर स्टिअरिंग फिरवलं की पंप घूं घूं करतो आणि टाकीतल्या ऑइलला फेस येतो. म्हणजे हवा आत आहे, एवढं उघड आहे.

पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, पातळी भरत राहिलो. मग इंजिन चालू करून तेच. टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरलं नाही. आवाज थोडा कमी होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! बाहेर ऑइलचा थेंब नाही, बेल्टचा ताणही ठीक आहे.

माझा संशय टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या क्लॅम्पवर किंवा तिथल्या ओ-रिंगवर (जोडावरच्या गोल रबरी सीलवर) आहे. तिथे ऑइल बाहेर न येता हवा आत ओढली जाऊ शकते ना? ते खात्रीने कसं तपासायचं?

मेकॅनिक म्हणतो, रॅकचा (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याचा) अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळू. मला पटत नाही; स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा नाहीच, उलट जास्त आवळला तर वळणानंतर ते आपणहून सरळ येणार नाही. पंप उघडण्याआधी आणखी काय बघू?