पुरात काहील चालवलेल्या माणसाचा सत्कार कसा करावा?

कृष्णाकाठचा
आमच्या गावच्या वाचनालयाला यंदा ५० वर्षं होतायत. १५ ऑगस्टला गावासाठी झटलेल्या चार-पाच जणांचा सत्कार करायचा ठरलाय. यादी करायचं काम माझ्या गळ्यात. (चिटणीस झाल्यापासून जे कुणालाच नको, ते माझ्याकडे येतं.)

माझ्या मनात पहिलं नाव एकच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमची मळ्यातली वस्ती तुटली. बोट यायला दोन दिवस लागले. तोवर या गड्यानं गुऱ्हाळातली काहील पाण्यात ढकलली. गूळ आटवायची काहील, आणि वल्ह्याच्या जागी बांबू! गोल भांडं ते, जरा कुणी हललं की गरकन फिरतं. एका खेपेला तीन-चार माणसं. माझी आई त्यातूनच आली, मांडीवर शेळीचं करडू घेऊन. एरवी हा माणूस ग्रामपंचायतीचं पाणी सोडतो आणि उशीर झाला की आमच्याच शिव्या खातो.

विचारायला गेलो तर म्हणाला, "मला स्टेजवर चढवू नका, मी त्या दिवशी रानात असणार." इकडे कमिटीतल्या दोघांचं म्हणणं, मोठ्या देणगीदारांनाच 'समाजसेवक' म्हणून शाल घालू, म्हणजे इमारतीचा रंगही होऊन जाईल. काय करू?

चिन्हवाला
माझं सन्मानचिन्हांचं दुकान आहे, तेव्हा धंद्याविरुद्ध बोलतोय असं समजा. निम्म्या ऑर्डरी आदल्या रात्री येतात आणि वर सांगतात, "नावाची जागा मोकळी ठेवा, उद्या कळवतो." मजकूर काय घालू विचारलं की एकच उत्तर: "उल्लेखनीय कार्याबद्दल." कसलं कार्य, ते आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुम्ही निदान 'काहिलीतून माणसं काढली' एवढं तरी लिहा. आणि आडनाव दोनदा तपासा. चुकीच्या आडनावाची दोन चिन्हं आमच्या दुकानात अजून पडून आहेत, न्यायला कोणी आलं नाही.

अकोलेकर
आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावरान बियाणं जपत आल्या. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, कोरोनामुळे प्रत्यक्ष हातात पडली नोव्हेंबर २०२१ मध्ये. पद्मसाठी कोणीही कोणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतं, स्वतःचंसुद्धा. मात्र काम काय केलं ते ८०० शब्दांच्या आत लिहून द्यावं लागतं. तुमचा गडी तिथवर जाईल असं म्हणत नाही, पण हीच रीत वाचनालयाला लावा. ज्याचं नाव सुचवाल त्याच्या कामाचं एक पान लिहून आणायचं, नाहीतर नाव बाद. देणगीदारांचं पान कमिटीलाच लिहायला सांगा. पेन तिथंच अडेल.

शिरोळची लेक
दादा, त्याला एकट्याला पुढं काढताय म्हणून तर तो लाजत नसेल? बरोबर कोण होतं ते विचारा. आमच्याकडं त्या पुरात शाळेत आठवडाभर भाकरी थापणाऱ्या बायका होत्या. नावं विचाराल तर आज कुणालाच सांगता यायची नाहीत. आमच्या गावात ग्रामपंचायतीतर्फे ३१ मेला अहिल्यादेवींच्या नावानं दोन बायकांचा सन्मान झाला, त्यातही ह्यांच्यातली एक नव्हती.

कृष्णाकाठचा
काल परत गेलो. ताईंचं ऐकून या वेळी सत्काराचं बोललोच नाही, फक्त वही काढली आणि विचारलं, कोण कोण होता तुम्ही? मग तासभर बोलला. तिघं होते. एक आता पुण्यात वॉचमन आहे, एक दोन वर्षांमागं वारला. त्याचं नाव सांगताना थांबला, आणि म्हणाला, "पयलं त्याचं लिवा."

पान लिहून झालंय. वाचून दाखवलं तर दोन ठिकाणी दुरुस्ती केली: करडू नव्हतं, बोकड होता, आणि खेपा मी लिहिल्या त्याहून कमी होत्या. यायचं कबूल केलंय, पण एका अटीवर. काहिलीच्या मालकाला खुर्ची पाहिजे. त्याच्या दोन काहिली चेपल्या, भरपाईच्या यादीत त्या कुठल्याच रकान्यात बसल्या नाहीत, आणि त्यानं आजवर एका शब्दानं विचारलं नाही.

चिन्हवाले, पाच चिन्हं हवीत. मजकूर आज रात्री पाठवतो, आडनावांसकट.